चिठ्ठीत न बसणाऱ्या बायका

मंगळवार, ७ सप्टेंबर १९७६. एक्रन.
सर्जरीच्या मीटिंगमध्ये पहिला हात मी वर केला. छातीच्या कॅन्सरला कुठलं ऑपरेशन बरं, याची शास्त्रीय चाचणी आहे. काही बायकांचा पूर्ण स्तन काढायचा, काहींची फक्त गाठ. कोणाचं काय, ते चाचणीचं ऑफिस चिठ्ठी काढून ठरवणार. बाकीचे सर्जन कुरकुरत बसले. हे खूळ आणणारा आमचा नवा डॉक्टर पेट्राकिस म्हणाला, खरं उत्तर अजून कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. तीस वर्षं मी सगळं काढते आहे, खालच्या स्नायूंसकट. तरी माझं मन मोकळं आहे. नुसती गाठ काढण्याचा वेडेपणा एकदा शास्त्रीय पद्धतीने गाडला जावा, एवढंच. संकल्प: नाताळपर्यंत चाचणीत सगळ्यात जास्त पेशंट माझे.

२१ सप्टेंबर.
पहिली बाई आली. फारच तरुण. पोरीच्या जिवाशी जुगार कसा खेळायचा? सगळं काढलं. पुढची नक्की.

५ ऑक्टोबर.
पुढची फार म्हातारी. या वयात चिठ्ठीचा ताप कशाला.

१४ ऑक्टोबर.
गणिताच्या शिक्षिका. अतिशय समंजस. म्हणूनच त्यांना उत्तमातलं उत्तम ऑपरेशन दिलं. पेट्राकिसने विचारलं, चिठ्ठीत बसणारी बाई असते तरी कशी? मी म्हणाले, दिसली की ओळखेन. हल्लीच्या पोरांना धीर नाही.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ.
धाकटी बहीण लोइस दवाखान्यात आली. उजवीकडे गाठ. तीन वेळा तपासली. पूर्ण खात्री हवी म्हणून. नेहमीची पद्धत समजावली. भूल द्यायची, तुकडा तपासायचा, कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत सगळं काढायचं.
‘म्हणजे उठल्यावर मी चाचपून बघायचं, काय उरलंय ते?’ ती म्हणाली. ‘व्हर्ना, थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी कापायच्या टर्कीशीसुद्धा तू याहून बरी वागतेस.’
तिला आधी फक्त तपासणी हवी. मग चिठ्ठी. मी सांगितलं, घरच्या माणसांना चाचणी लागू नाही. असा नियम नाही, पण असायला हवा. ऑपरेशननंतर बायका कशा जगतात, असं तिने विचारलं. जगतात, मी म्हणाले, आणखी काय हवं?
‘तू कधी विचारलंस त्यांना?’

९ नोव्हेंबर.
मुद्दाम मिसेस प्रुइट यांना फोन केला. माझी सर्वांत यशस्वी केस. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणाल्या. ऑपरेशनपासून नवऱ्यासमोर कपडे बदललेले नाहीत. कॅन्सर मात्र परत आलेला नाही. बाकीचे प्रश्न सर्जरीचे नव्हेत. फोन लवकर ठेवला, कामं होती.

२२ नोव्हेंबर.
लोइस मला न विचारता क्लीव्हलंडला गेली. तुकडा तपासला. कॅन्सरच. चिठ्ठीसाठी सही करून आली. तिथला सर्जन म्हणे तिला सरळ म्हणाला, ‘मला माहीत नाही.’
‘एवढं वाक्य तुझ्या तोंडून जन्मात ऐकलं नाही,’ लोइस म्हणाली.
मी चिडलेले नाही. भोपळ्याची गोड पाई करपली, ती ओव्हनमुळे.

२९ नोव्हेंबर.
पेट्राकिसने विचारलं, चाचणीत आतापर्यंत तुमचे पेशंट किती? शून्य. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा.

३ डिसेंबर, सकाळ.
लोइसचा फोन. चिठ्ठी निघाली. पूर्ण काढायचं.
‘घे, जिंकलीस,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मंगळवारी सोबत येशील ना?’
येईन म्हणाले. माझा अनुभव आणि चिठ्ठी, दोघांचं एकमत. पेट्राकिसला सांगायला हवं.

दुपार.
पेट्राकिसला सांगितलं नाही. चाचणीच्या ऑफिसला फोन केला. सहभागी सर्जन या नात्याने सहज विचारलं, अपवादात्मक पेशंटसाठी चिठ्ठी पुन्हा काढण्याची काही सोय आहे का. तिथली मुलगी म्हणाली, नाही. आवाज नम्र होता. मग तिने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्हाला कुठली निघायला हवी होती?’
लाइन खराब होती. फोन ठेवला.