माझं तोंड टीव्हीकडे होतं

बाबा, काल दुपारी आई टीव्हीवर दिसली. हे तुम्हाला सांगायला मी वर्ध्याच्या बसस्टँडवर बसून लिहिते आहे. मांडीवर पर्स, पर्सवर ऑफिसातल्या कागदांची कोरी पाठ. आपल्या गावाकडे जाणारी अल्लीपूरची गाडी लागायला वेळ आहे असं चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणतो, तो रोजच तसं म्हणत असावा. पर्समध्ये फोन थरथरतो आहे. सरांचाच असणार. आज मी कामावर गेले नाही आणि कळवलंही नाही. असं आजवर कधी केलं नव्हतं, आणि भीती वाटली की या वयातही मला तुम्हीच आठवता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी लेक कॉलेजात गेली, तरी आठवता.

आधी माझं काम सांगते, कारण आईला मी ते नीट सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की मी टीव्हीच्या ऑफिसात आहे. शाळेतलं कंत्राट संपल्यावर मी बरेच दिवस घरी होते. मग निवडणूक आली आणि भाऊंच्या प्रचारात हे काम मिळालं. भाऊ म्हणजे आमचे उमेदवार. इथे वर्ध्यातच नालवाडीत एक फ्लॅट भाड्याने घेतला आहे, त्याच्या हॉलमध्ये भिंतीला ओळीने टीव्ही लावलेत. उजेड पडू नये म्हणून दिवसभर पडदे ओढलेले, घरमालकाचा देव्हारा मात्र कोपऱ्यात तसाच आहे. आम्ही कामाला सगळ्या बायकाच, प्रत्येकीकडे दोन चॅनेल. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि भाऊंचं नाव आलं की नोंद करायची. किती वेळ दिसले, समोरच्या उमेदवाराच्या आधी दिसले की नंतर, खालच्या पट्टीवर काय लिहिलं, मागे कोणता फोटो लावला. भाऊंचा एक जुना, घामाघूम झालेला फोटो आहे, तो लागला की सर थेट चॅनेलवाल्याला फोन करतात. चांगली बातमी हिरवी, वाईट लाल, धड ना इकडची ना तिकडची ती पिवळी. संध्याकाळी सगळं सरांकडे जातं. सर बाहेरून आलेले, अर्धं हिंदी बोलणारे, आवाज कधी न चढवणारे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "टीव्ही पाहाचीबी नोकरी असते काय वं?" असते, बाबा. आणि शेवटच्या रकान्यात ओळख लिहायची असते. गावातला कोणी माणूस कॅमेऱ्यासमोर भाऊंबद्दल बोलला, तर तो कोण, कुठला. आम्हाला इथल्याच म्हणून कामावर घेतलं ते त्यासाठी. आम्हाला चेहरे ओळखू येतात.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ओळख कशाला हवी? लोक नाराज आहेत तर कारण शोधत असतील. मग कारंज्याकडचा एक टेम्पोवाला आला. धाब्याबाहेर उभा राहून रस्त्याबद्दल तावातावाने बोलला. मी त्याला ओळखत होते. आमच्या शाळेत पोषण आहाराचे तांदूळ तोच आणायचा. मी लाल खूण केली आणि ओळखीच्या रकान्यात त्याचं नाव-गाव घातलं, वर जरा ऐटीतच, की बघा, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच चॅनेलवर. या वेळी हात जोडून. "माह्यं बोलणं तोडून-मोडून दाखवलं जी," असं म्हणत होता आणि बोलताना सारखा बाजूला बघत होता. बाजूला कोण होतं ते कॅमेऱ्यात आलं नाही. सर म्हणाले, "गुड, इसको ग्रीन करो." मी हिरवं केलं. तेव्हापासून जेवताना घास तोंडात फिरतो, पण दुसऱ्या दिवशी कामावर जायची ती गेलेच.

त्या दिवसापासून मला आपल्या ग्रामपंचायतीचा टीव्ही आठवतो आहे. लाकडी पेटीत ठेवलेला, पुढे दोन झडपा, झडपांना कुलूप आणि कुलपाची किल्ली तुमच्या करदोड्याला. तुम्ही ग्रामपंचायतीचे शिपाई. संध्याकाळी झाडून, पाणी शिंपडून, चटया टाकून बरोबर बातम्यांच्या आधी झडपा उघडायचात. तेव्हा मला वाटे की आत बसलेली माणसं तुमच्याच परवानगीने बोलतात. सरपंच खुर्चीवर, पुरुष चटयांवर, बायका मागे पायरीजवळ. मी आईच्या मांडीला टेकून बसलेली. तशीच एक संध्याकाळ, तेव्हाही निवडणुकीचेच दिवस आहेत. सरपंचांच्या पक्षाचे एक मोठे पुढारी बातम्यांत भाषण करताहेत, गळ्यात हार, चेहरा गंभीर. हारातली एक पाकळी त्यांच्या ओठाला चिकटली आहे आणि प्रत्येक शब्दाला वर-खाली होते आहे. कोणी काही बोलत नाही. आणि मग मागून हसू फुटतं. आधी नाकातून, मग एकदम खळकन. त्यानंतर सगळं गाव हसलं, पण पहिलं हसू वेगळं ऐकू आलं होतं. ते आईचं होतं. तिचं अंग माझ्या पाठीला लागून हलत होतं.

सकाळी मी तुमचा डबा घेऊन ग्रामपंचायतीत आले तर सरपंच तुम्हाला विचारत होते, "काल सारे हासाच्या आंदी कोन हासलं?" तुम्ही टेबल पुसत होता. "मालूम नाई जी. माह्यं तोंड टीव्हीकडं होतं." सरपंच म्हणाले, "तुले तिथं काऊन बसवलं मंग? आता लोकाईकडं तोंड करून बसजो." तुम्ही "हो जी" म्हणालात. आणि संध्याकाळी स्टूल उचलून थेट टीव्हीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर ठेवलं आणि सगळ्या गावाकडे पाठ करून बसलात. लोक ओरडायला लागले, "ओ शिपाईबुवा, बाजूले व्हा ना, काई दिसून नाई राह्यलं!" तुम्ही हलला नाहीत. तुमचा स्वभाव असा भांडखोर नव्हता, म्हणून मला भीती वाटली होती. पुढच्या आठवड्यात किल्ली दुसऱ्याकडे गेली. झाडू तुमच्याकडेच राहिला.

तुम्ही गावाकडे पाठ करून बसलात त्याच रात्री जेवताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "मले मालूम हाय कोन हासलं." तुम्ही भाकरी ताटात ठेवली. "पाह्यलं त पाह्यलं. पाह्यलेलं सारं सांगाचं नसते." एवढंच. आई चुलीशी होती. म्हणाली, "माह्यं नाव सांगाचं होतं ना. मी कोनाले भेतो काय?" आणि तुम्ही तिच्याकडे बघून हसलात, तेव्हा मला कळलं की न वळताही तुम्हाला ते हसू ओळखू आलं होतं. कसं नाही येणार ओळखू!

आणि काल. माझ्या दोनातल्या एका चॅनेलवर गावोगावची चर्चा चालू होती, आणि एकदम आपला विहार, आपला पिंपळ, आणि पिंपळाखाली आई. डोक्यावर पदर, हातात शाळेतली खिचडीची मोठी पळी तशीच. चॅनेलच्या पोराने माइक पुढे केला आणि विचारलं, भाऊंनी विकास केला का? आई म्हणाली, "केला नं बाप्पा. दवाखाना बांधला. फीत कापाच्या दिवशी उघडा होता, तवापासून कुलूप हाय. माह्या माणसाजवळ ग्रामपंचायतीच्या टीव्हीची किल्ली होती, थो रोज टायमावर उघडे. याह्यच्याजवळ दवाखान्याची किल्ली हाय, अन् माणसं वर्ध्याले नेता नेता मरून राह्यले. भाऊले म्हना, किल्ली हरपली असन त सांगा. आमी दगडानं फोडून घेतो." मागची माणसं हसली. ती हसली नाही. तुम्हाला जीपमध्ये आडवं घालून आम्ही वर्ध्याला निघालो होतो तो रस्ता तिच्या चेहऱ्यावर होता, मला दिसला. भाऊंच्या माणसांना फक्त लाल रंग दिसला असता.

मी त्या ओळीत लिहिलं, सिग्नल नव्हता. आई शाळेत खिचडी शिजवते ती शाळा समितीच्या मर्जीवर, आणि समितीतले सगळे भाऊंचे. खिचडी गेली तर ती उपाशी मरणार नाही, मी आहे. पण तिला हात जोडून उभं केलं तर? पिंपळाखाली, त्याच माइकसमोर, बाजूला बघत? त्या टेम्पोवाल्यासारखं, आपलं बोलणं तोडून-मोडून दाखवलं असं तिच्या तोंडून वदवलं तर? बाबा, ते मला बघवणार नाही, आणि माझं तर कामच ते बघण्याचं आहे.

माझा सिग्नल नसला म्हणून काय होतं! संध्याकाळपर्यंत ती क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. सरांनी ती मोठ्या टीव्हीवर लावली, आम्हाला हेडफोन काढायला सांगितले. क्लिप संपली. "मॅडम, तुमच्याच चॅनेलची आहे. और आप उसी साइड की हो ना? ही बाई कोण?" चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं माझ्या कपाळावर आईचं नाक उमटलंय. मी म्हटलं, "नाही सर, मी ओळखत नाही." कसं साधं वाक्य आलं तोंडातून. सर म्हणाले, "कोई बात नहीं. सकाळी शोधू."

मी जिन्यात येते न येते तोच आईचा फोन. आनंदाने आवाज चढलेला. "काय वं, पाह्यलं काय मले? साऱ्या गावानं पाह्यलं!" मी म्हटलं, "नाही पाहिलं." "तुह्यं त कामच टीव्ही पाहाचं हाय नं? मंग काऊन नाई पाह्यलं?" मी म्हटलं, "दुसऱ्या चॅनेलवर होते." ती म्हणाली, "तुह्ये बाबा असते त पाह्यलं असतं." आणि ठेवला. तिला सावध करायचं होतं, ते राहूनच गेलं. एका संध्याकाळी दोनदा मी तिला नाकारलं. सरांपुढचं नाकारणं तिच्यासाठी होतं की माझ्या नोकरीसाठी, ते मला अजून सांगता येत नाही. आणि एक विचारायचं आहे, याचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाही कारण मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी हसणारी आई नसती, दुसरी कोणी असती, तर? तरीही तुमचं तोंड टीव्हीकडेच असतं का? मला वाटतं असतं. मला वाटायलाच हवं. कारण माझं उत्तर मला माहीत आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. टेम्पोवाल्याचं नाव मी ऐटीत घातलं होतं. त्याच्या कारंज्याकडची गाडी इथे पलीकडच्या फलाटावर लागते, ती मी आल्या आल्या बघून ठेवली आहे.

आत्ता फोन काढून पाहिला. सरांचे फोन आहेतच, पण एक निरोप माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीचा आहे. लिहिते, "ताई, गाव सापडलं. माणसं दुपारून निघतात." ती माझी आई हे तिने चेहऱ्यावरून ओळखलं असेल. मी काही बोलले नव्हते. अल्लीपूरची गाडी आता खरंच लागते आहे, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताहेत. मी भाऊंच्या माणसांच्या आधी पोचेन. दारात बसेन. काय बोलेन माहीत नाही, पण आईला आधी सांगेन की पाहिलं, सगळं पाहिलं. हा कागद पर्समध्येच राहील. तुम्हाला पाठवायला माझ्याकडे पत्ता नाही.

एक मात्र राहिलं. काल मी ओळखत नाही म्हणाले, त्यानंतर सरांनी क्लिप पुन्हा लावली. आई दगडाने कुलूप फोडायचं म्हणाली, आणि अगदी मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हसलं. सर वळले. "यात हसण्यासारखं काय आहे? कौन हँसा?" शेजारची ती पोरगी डोळे फाडून आपल्या स्क्रीनकडे बघत होती, आणि मीही. बाबा, ते हसू माझं होतं. आधी नाकातून आलं, मग एकदम.