तीन छिद्रांची लॉरी

जठारपेठ, अकोला
ऑगस्ट १९४६

प्रिय सूर्यभान,

‘प्रिय’ हे मी रिवाजापुरते लिहिले आहे; गैरसमज करून घेऊ नकोस. नागपूरच्या तंत्रशाळेत आपण एका बाकावर बसलो, एका डब्यातले जेवलो, हे खरे. पण हे पत्र त्या मित्राला नाही. ते एका लॉरीच्या दुखण्यांविषयी आहे, आणि ती दुखणी अमरावतीत तुझ्याइतकी कोणालाच कळत नाहीत, म्हणून तुला लिहीत आहे. मधेच टाकून दिलेस तर तुझेच नुकसान होईल.

बाळापूरच्या पार्बताबाई भाजीपाला आणि झेंडू पिकवतात व अकोल्याच्या बाजारात आणतात. बैलगाडीने येईतो पालेभाजी मान टाकते, म्हणून त्यांनी निजामाच्या मुलखातून, हिंगोलीहून, जुनी लॉरी घेतली. घरी आणल्यावर आठवडाभरात ती बंद पडली आणि बैल जुंपून माझ्या आवारात आली. बाई म्हणाल्या, “भाऊ, घेतांनी वाघिनीवानी गुरगुरे. आता मांजरीवानी खोकून राह्यली. काय झालं इले?”

जुन्या लॉरीचे एंजिन प्रथम सुरू करू नये, हे तुला ठाऊक आहेच. थंड लॉरी खरे बोलते, तापलेली लॉरी विकणाऱ्याचे बोलते. म्हणून मी आधी तेल काढले. ते काकवीसारखे दाट होते, कारण दाट तेलात झिजलेल्या बेअरिंगचा ठोका ऐकू येत नाही. मग गियरपेटी उघडली. दात झिजले की गियर किंचाळतात. त्यांचे तोंड बंद करण्यासाठी कोणी पेटीत लाकडाचा भुसा कोंबला होता. तेलात भिजून त्याचा लगदा होतो आणि सौदा होईपर्यंत पेटी शहाण्या सुनेसारखी गप्प राहते. पुढे तोच लगदा तेलाची वाट अडवतो आणि गियर कोरडे जळतात. तिसरा गियर तर चालता चालता आपोआप निसटत होता. आधीच्या ड्रायव्हरने त्याचा दांडा सुतळीने बांधून ठेवला होता! मी दातांची जोडी नवी बसवली.

रेडिएटरची तोटी सोडली तर पिवळेजर्द पाणी. पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसल्या, “माय वं! इले हळद कावून लावली? लगन हाय का इचं?” गळके रेडिएटर हळदीने बुजवण्याची युक्ती तिकडे सर्रास चालते. हळद फुगून भोकात बसते. पण गळके भोक कोणते आणि पाण्याची नळी कोणती, हे तिला कळत नाही. ती दोन्ही बुजवते. मग पाणी उकळते, एंजिनाच्या डोक्याखालची गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात उतरते. ब्रेकचे पट्टे तेल प्यालेले होते, कारण चाकाच्या तुंब्यात तेल अडवणारी नमद्याची चकती कुजली होती. तेल प्यालेला पट्टा पुसून, उन्हात वाळवून भागत नाही. ब्रेक तापला की तो प्यालेले सगळे ओकतो. पट्टे बदलले, चकती बदलली. एवढे सगळे सांगण्यात मला किती आनंद होतो, हे तुला आठवत असेल. आता मात्र आनंदाचा भाग संपला.

पिस्टन बाहेर काढले तेव्हा त्यांच्या कड्या खाचांत चिकटून बसलेल्या होत्या, डांबरासारख्या चकचकीत काळ्या थराने. पेट्रोलची काजळी भुरभुरीत असते. हे डांबर कोळशाच्या गॅसचे आहे, त्यातही अर्धवट जाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कोळशाचे. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा असा कोळसा वऱ्हाडातच जळला. म्हणून मी लॉरीखाली शिरलो आणि कोळशाचा गॅस करणारी भट्टी कुठे बसवली होती ते शोधले. केबिनमागे, सांगाड्याच्या उजव्या तुळईवर, रंगाच्या दोन थरांखाली शिशाने बुजवलेली छिद्रे सापडली. तीन छिद्रे, सूर्यभान. चार नव्हेत.

सगळे लोक चार बोल्टांवर भट्टी बसवत. खड्ड्यातून जाताना लॉरीचा सांगाडा पिळवटतो आणि चार ठिकाणी जखडलेली पाटी तडकते, तिपाई मात्र कशीही जमीन असो, डुगडुगत नाही, हे तुझी भट्टी बसवताना मी तुला खडूने फरशीवर काढून समजावले होते. तू म्हणालास, “जानराव, तुझं व्याख्यान आवर, मले भोक पाडू दे.” आणि घाईघाईने दाबलेस. ड्रिलचे टोक तुटून तिसऱ्या छिद्राच्या काठात रुतले. मी शिसे उकरले. टोक अजून तिथेच आहे.

म्हणजे ही तुझी लॉरी. १९४२ साली मूर्तिजापूरच्या वाटेवर जळून खाक झालेली.

मी आणखी तपासले, कारण घाईने आरोप करणे माझ्या शिक्षणात बसत नाही. आगीत सापडलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पाणी उतरते, ते भाराखाली पुन्हा उभे राहत नाहीत. हिचे पाटे अजून टणक आहेत. रेडिएटरच्या जोडांचा डाख साध्या निखाऱ्यावर वितळतो. हिचा कारखान्यातला डाख जागच्या जागी आहे. केबिनची लाकडी फळी तीच, खालचा मूळचा निळा रंगही तोच. ही लॉरी आगीच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहिलेली नाही.

लष्करासाठी सरकार लॉऱ्या ताब्यात घेत होते आणि तुझ्या लॉरीचा हुकूम यायच्या बेतात होता, हे मला माहीत आहे. ती तू निजामाच्या हद्दीत लपवली असतीस तर मी तोंड उघडले नसते. पण जळाली म्हणायला जाळणारा लागतो. म्हणून तू तुझ्या ड्रायव्हरला, कुर्बानला, बडनेऱ्याहून रेल्वेने माल ठरवायला पुढे मूर्तिजापूरला पाठवलेस, लॉरी स्वतः हाकत नेलीस आणि दुसऱ्या दिवशी पायी येऊन सांगितलेस की त्याने भट्टीच्या राखेचे दार उघडे ठेवले होते, निखारे पडून लॉरी जळाली. वर फिर्याद केली नाहीस, म्हणून अमरावतीने तुला देवमाणूस म्हटले. त्या सकाळी कुर्बानने राख खरोखरच काढली होती. त्याला दार लावल्याचे आठवेना. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या हातांवर नाही.

आज तो बडनेरा स्टेशनवर टांगा हाकतो. पार्बताबाईंना ड्रायव्हर हवा आहे; मी नाव सुचवले आणि त्यांनी त्यालाच विचारले. तो हात मागे घेऊन म्हणाला, “बाई, ह्या हातात आग हाय. मले चाक देऊ नका.” वऱ्हाडातला सर्वांत हलक्या हाताचा ड्रायव्हर हे म्हणतो! मी त्याला टोक दाखवणार होतो. पण तो म्हणेल, जानरावसाहेब मन राखायले बोलून राहिले. तुझ्या तोंडून गेलेला शब्द तुझ्याच तोंडून परत यावा लागेल.

दर ईदेला तो तुझ्या दारी शिरखुर्म्याचे भांडे आणतो, तू त्याला तुरुंगात धाडले नाहीस म्हणून. तू ते हसत घेतोस. हे पत्र त्या भांड्यासाठी आहे. येत्या ईदेला कुर्बान टांग्याने येणार नाही. मी त्याला या लॉरीतून आणणार आहे. चाकावर मी, शेजारी तो, मांडीवर भांडे. एंजिन बंद करणार नाही. तू खाली ये, गुडघे टेक, त्याचा हात धरून तिसऱ्या छिद्रावर ठेव आणि लॉरी जळाली नव्हती, एवढेच सांग. मग परतीच्या वाटेवर चाक त्याच्या हाती असेल आणि तुझे नाव मी पुन्हा कोठेही काढणार नाही. दार उघडले नाहीस, तर एंजिन ऐकून गल्ली आपोआप जमेल. मग तिच्यासमोर पहिल्या छिद्रापासून मी सविस्तर समजावून सांगेन, आणि मला समजावून सांगायला किती आवडते ते तू जाणतोस.

ईदेचा चंद्र दिसेपर्यंतच तुझा,
जानराव