बाभळींवरचा उजेड

२१ मे
घरासमोरच्या ओढ्याच्या पुलावर उंच खांबाचा हायमास्ट दिवा उभा राहिला. बिबट्याची भीती म्हणून. संध्याकाळी बल्ब न लावता मला आमटीचा रंग दिसतो! फार सोय झाली. याच ओढ्याच्या बाभळींवर दरवर्षी काजवे येतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

२७ मे
काजवे आले — बाभळींवर नाही, पलीकडच्या अंधाऱ्या बांधावर. तेही तुरळक. नर चमकून विचारतो, मादी गवतातून चमकून उत्तर देते. एवढ्या झगझगाटात कोण कुणाला दिसणार? शेजारच्या लंकाबाईला समजावून सांगितलं.
"मंजी लगीनच जुळंना म्हना की त्यांचं."
अगदी तेच.

२९ मे
ग्रामपंचायतीत गेले. सदस्य रामदास, माझाच जुना विद्यार्थी, खुर्चीतून हसला. "बाई, किड्यांसाठी दिवा बंद करू? अन् बिबट्या आला मंजी?"
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं — भांडायचं तर उभं राहून, आवाज न चढवता. उभी राहिले.
"रामदास, थंडीत तू शेवंतीच्या वावरात बल्ब का लावतोस?"
"फूल लांबवायला. तिला वाटतं, दिवस अजून मोठा हाय."
"म्हणजे उजेडाने शेवंती फसते. आणि काजव्याला काही होत नाही?"
मागून दुसरे सदस्य गेणभाऊ म्हणाले, "बाईंनी तुझ्याच वावरात धरला की रं तुला." सगळे हसले, रामदास सोडून.

३ जून
पाऊस लागेपर्यंत, म्हणजे काजवे असेपर्यंत, हायमास्ट बंद! रामदासने बजावलं, "काय इपरित झालं तर तुमच्यावर हाय, बाई."
असू दे माझ्यावर. आयुष्यभर वर्ग सांभाळले, हेही सांभाळीन.

६ जून
बाभळी लुकलुकायला लागल्या. आधी एक फांदी, मग अख्खं झाड, मग शेजारचं. लंकाबाई डोक्यावर पदर घेऊन बघत बसली, देवळात बसावी तशी. शेवटी म्हणाली, "लई जुळली गं बया." मी तिच्याजवळ सरकून बसले.

९ जून
पहाटे बिबट्याने अंगणातून माझी चंपी नेली. म्हातारी कुत्री, भुंकलीसुद्धा नसेल. गळ्यातला पट्टा उसाच्या कडेला सापडला.
रामदास दारात आला. चपला काढून उभा राहिला. "बाई, लावू का दिवा?" आवाजात टोमणा नव्हता.
नको म्हटलं. पाऊस अजून लागलेला नाही.