मोजायचे राहिलेले घड

हैदराबाद, रविवार

तीर्थरूप आबांना कामिनीचा इथूनच वाकून नमस्कार.

आठे बठ्ठं बरं शे, काळजी करू नका.

मागच्या आठवड्यात मात्र घाबरले होते. केळीच्या नव्या खताचा हिशेब माझ्या प्रोग्रामने उलटाच दाखवला. खत घातलेल्या बागांत घडांचं वजन निम्म्यावर! आमच्या ऑफिसातले सर म्हणाले, "उद्याच शेतकऱ्यांना कळवू, हे खत नको."

माझं मन मानेना. सोबतची तहरीम, आपल्या नशिराबादची, म्हणाली, "आधी आकडे डोळ्यांनी तर बघ." बघते तर कितीतरी घडांचं वजन शून्य! खताचे घड लवकर तयार होऊन वजनाआधीच बाजारात गेले होते, आणि त्या रिकाम्या जागी प्रोग्रामने शून्य धरलं होतं. मी धावत जाऊन सरांना थांबवलं. त्या जागा वगळल्या, तर खताचेच घड भारी निघाले. सर हसून म्हणाले, "वाचवलंस गं." मग आम्ही दोघींनी बिर्याणी हाणली.

एरवी जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवशी. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती "काही नाही" म्हणते, म्हणून तुम्हाला विचारते. खरं काय ते लिहा.

तुमची लाडकी,
कामिनी