जो फळी उलटी फिरवील त्याला

त्या सकाळी मी मटकी उपसली, टँकरच्या पाण्याच्या बादल्या मोरीत लावल्या आणि कुरडयांचा चीक ढवळत उभी होते, तेवढ्यात हे गच्चीवरून खाली आले. चष्म्यावर धूळच धूळ. "प्रभा, आजही नाहीत," म्हणाले. "मग चहा घ्या," मी म्हटलं. १९९९ सालचा जून होता. ही सकाळ पुढे लागणार आहे म्हणून आधीच लिहून ठेवते. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या पद्धतीची सुरुवात ही घ्या.

मी, प्रभा भालचंद्र सबनीस, वय वर्षे ६१, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही. माझे पती कै. भालचंद्र सबनीस यांच्यानंतर जे माझ्या नावावर आलं आणि जे मी स्वतः जमवलं, त्याची व्यवस्था माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. फ्लॅट. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात ह्यांनी जन्मभर स्वागतकक्ष सांभाळला, त्या नोकरीतून सोसायटीचा हा फ्लॅट झाला. आम्ही राहायला आलो तेव्हा इथे धड रस्ता नव्हता, बस नव्हती, पाणी नव्हतं. आकाश मात्र भरपूर होतं आणि ह्यांना तेच हवं होतं. फ्लॅट माझा मुलगा अंशुमन आणि मुलगी प्रज्ञा यांचा, निम्मा-निम्मा. अंशुमनला गुडगावला मोठं घर घ्यायचं आहे, त्यासाठी विकायचा तर खुशाल विकावा. मला राग नाही. भिंतींना भोकं फार आहेत, तेवढी बुजवून घ्या.

कलम २. पाटल्या, नथ आणि बँकेत असेल ते सोनं प्रज्ञाला. शिवाय माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं इंग्रजी मी ह्या शब्दकोशातून शिकले, तेही पहिल्या पानापासून ओळीने, त्यामुळे माझं इंग्रजी ए पासून एम पर्यंत चांगलं आहे. पोस्टातली बचत दोघांत सारखी वाटावी.

कलम ३. पानिपतचं ब्लँकेट ह्यांचे चुलतभाऊ श्यामकांतभावोजी यांना परत द्यावं. वास्तुशांतीला त्यांनीच आणलं होतं. पहिल्याच धुण्यात ते टॉवेलाएवढं झालं, पण मी जपून ठेवलं आहे. गणेशोत्सवात मंडळाने ह्यांचं पुढच्या कलमातल्या फळीवर भाषण ठेवलं, तेव्हा ओळख करून देताना भावोजी म्हणाले, "आता भालचंद्र आपल्याला माशांचं पंचांग सांगतील. पापलेटाच्या मुहूर्तावर कोणाला लग्न करायचं असेल तर थांबा!" सगळं मंडळ हसलं. हेसुद्धा हसले. मी हसले नाही, ते भावोजींनी पाहिलं होतं. ब्लँकेट त्याबद्दलही आहे.

कलम ४. फळी. हे कलम मोठं आहे. अंशुमनने मध्येच उठून जाऊ नये.

परदेशी कंपन्या देशात येऊ लागल्या तेव्हाची गोष्ट. सदनात उतरलेला एक पाहुणा खोलीत एक चकचकीत मासिक विसरून गेला. परत मागायला कोणी आलं नाही, तेव्हा हे ते घरी घेऊन आले. त्यात रापा नुई नावाच्या, प्रशांत महासागरात एकट्या पडलेल्या बेटाची माहिती होती आणि तिथल्या एका जुन्या लाकडी फळीचा फोटो. फळीवर मासे, पक्षी, कासवं, माणसं, चंद्रकोरी, सगळं बारीक कोरलेलं. ही त्या लोकांची लिपी. "प्रभा, अगं हे तर तुझं चैत्रांगण!" हे ओरडलेच. चैत्रात मी दारात रांगोळी काढते तिच्यात मासा, कासव, चंद्र, सूर्य असतातच, त्यामुळे मलाही ते पटलं.

ती लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. आम्हालाही नाही, हे भावोजींच्या समाधानासाठी नमूद करते. एका फळीवर चंद्रकोरींची रांग आहे आणि ती महिन्यातल्या रात्रींची मोजणी असावी, इथपर्यंत जाणकार आले आहेत. ह्यांनी तीच फळी शिसवीच्या लाकडावर पटाशीने कोरून काढली. ती वाचायची रीत अशी, की एक ओळ संपली की फळी उलटी फिरवायची, खालची बाजू वर, आणि मग पुढची ओळ धरायची. चंद्राच्या रांगेनंतरच्या ओळीत तारे असणार आणि त्यांच्यावरून बेटाचं वर्ष कधी सुरू होतं ते सापडणार, असं ह्यांचं म्हणणं. कित्येक पाडवे हे चैत्राचं आकाश मांडून त्या ओळीशी ताडून बघत होते. काही जुळत नव्हतं.

एका रविवारी जेवताना अंशुमन म्हणाला, "बाबा यार, वर्ष चैत्रातच सुरू होतं हे त्यांना कोणी सांगितलं? आईची रांगोळी बघितली त्यांनी? उनके यहाँ भी मार्च एंडिंग होता है क्या?"

हे ताटावरून उठले. दोन दिवस मासिकातला फोटो पुन्हा पुन्हा काढून बघत होते. मग मला म्हणाले, "पोरगं बरोबर बोललं गं." आम्ही दोघं मंडी हाऊसजवळच्या ग्रंथालयात गेलो, मी शब्दकोश घेऊन. तिथल्या एका पुस्तकात सापडलं, की त्या महासागरातल्या पुष्कळ बेटांवर कृत्तिका पहाटे पुन्हा दिसू लागल्या की नवं वर्ष धरत. कृत्तिका मे महिन्यात सूर्याआड जातात आणि जूनमध्ये पहाटे पूर्वेला परत येतात. ह्यांनी सगळी मांडणी पुसून टाकली. आधी कृत्तिका परत येताना आपल्या डोळ्यांनी बघायच्या, तोवर फळी फिरवायची नाही, असं ठरवलं आणि चंद्राची ओळ सुलट ठेवून फळी भिंतीवर टांगली. पण दिल्लीतला जून! वर धूळ, खाली विमानतळाचे दिवे. दर वर्षी जूनभर हे पहाटे गच्चीवर, आणि खाली आले की "आजही नाहीत."

सुरुवातीला लिहिलेल्या त्या सकाळी ह्यांनी चहा घेतला, चीक चाखून "मीठ कमी आहे" म्हणाले आणि दुपारी आरामखुर्चीत बसल्या जागी गेले.

तेव्हापासून अंशुमन फळीला हात लावत नाही, तिच्याकडे बघतही नाही. "फेंक दो यार, चॉपिंग बोर्ड आहे तो," असं बायकोला सांगताना मी ऐकलं आहे. एकदाच मला म्हणाला, "आई, मी तोंड उघडलं नसतं तर बाबा त्या गर्मीत रोज जिने चढले नसते." मी बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानंतर मी विषय काढला की, "चलो आई, बाद में." आता वकीलसाहेब वाचत आहेत, म्हणजे तुला बसावं लागेल, बाळा.

ते जिने हे शीळ घालत चढायचे. सदनाच्या नोकरीवर जाताना मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं. चैत्रात अडकून पडलेल्या माणसाला तू बाहेर काढलंस. शेवटचे जून त्यांना तुझ्यामुळे मिळाले. मी शेजारी होते, मला माहीत आहे.

म्हणून फळी आणि पटाश्या अंशुमनच्या. प्रज्ञाने रुसू नये. तू तिला पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवशील आणि मग ती कोणी फिरवणार नाही. हा तिच्याशी भांडेल. ह्यांची दुर्बीण मात्र तुझी. भावाला ती तुझ्याकडून मागून घ्यावी लागली पाहिजे.

कलम ५. शेजारची भानुमती साक्षीदार आहे, म्हणून तिला काही लिहून देऊ नये असा सल्ला मिळाला आहे. इडलीपात्र तिने आधीच नेलेलं आहे, ते मागू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

प्रभा भालचंद्र सबनीस
द्वारका, नवी दिल्ली. दि. ९ नोव्हेंबर २००३.

साक्षीदार: १. भानुमती नायर, शेजारीण. २. दिलीप टंडन, सोसायटीचे सेक्रेटरी.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही म्हणे. चालेल. एवढं अंशुमनने धरलं की झालं.

हे गेले त्या संध्याकाळी धुळीची आंधी आली, मागून पाऊस आला. रात्रभर घर माणसांनी भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटी गच्चीवर गेले. धूळ बसली होती. पूर्वेला, अगदी खाली, कृत्तिका होत्या. मी घरात आले आणि फळी उलटी फिरवली.