करड्या तारखा

धुळे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
नूतनचा सा. न. वि. वि.

ईमेल असला तरी मायना लिहिल्याशिवाय हात चालत नाही. फोनवर तू हं हं करून विषय संपवतोस, म्हणून हे सगळं लिहून विचारते.

हर्षदाच्या पित्ताशयातले खडे आता औषधांना ऐकत नाहीत. महिन्यात दोनदा कळ आली, दुसऱ्या वेळी पोरगी जमिनीवर लोळली. बुधवारी, बारा तारखेला ऑपरेशन ठरलं आहे. काल भुलेच्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, की रक्ताच्या नात्यात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का. ती पटकन नाही म्हणाली. मला मात्र आपले आप्पा आठवले. तेवीस वर्षांपूर्वी ते तुझ्याकडे सुरतेला हर्नियाच्या ऑपरेशनला आले आणि टेबलावरच गेले. हृदय बंद पडलं, असं तू सांगितलंस. पण मी त्यांच्या कपाळाला हात लावला होता, दादा. तापलेल्या तव्यासारखं लागलं होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते, काल बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तेव्हाचे कागद मागितले.

सव्वीस वर्षं बँकेत काढलेला तू, कागद हरवणार नाहीस. २००६ च्या पुरात भिजलेले कागद वाळवून तू स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवलेस, असं वहिनी म्हणाल्या होत्या. आजच पाठव. वहिनींना नमस्कार. तुझी गुडघेदुखी कशी आहे तेही लिही, नुसतं बरं आहे असं नको.

तुझी,
नूतन

सुरत, ५ नोव्हेंबर २०२५

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हर्षदाची काळजी वाटते. गुडघा आहे तसाच.

कागदांचं म्हणशील तर थोडी अडचण आहे. मूळ कागद पुरात खराब झाले होते, स्कॅन केल्यावर ते टाकले. स्कॅन केलेली प्रत जुन्या कॉम्प्युटरवर होती. तो चार वर्षांपूर्वी बंद पडला आणि आमच्या आशिषने बंगळूरहून नवा पाठवला. या नव्यात ती फाईल नाही. जुन्याचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर आहे, पण तो उघडायला गेलं की उजवीकडे तारखांची शिडी दिसते, तिच्यात फक्त आजची तारीख उजळ आणि मागच्या सगळ्या करड्या. दाबलं तरी काही होत नाही. वायर बदलली, दुसऱ्या भोकात लावून पाहिली, बंद करून चालू केलं. इथल्या उधना भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला डिस्क दाखवली. तो दोनदा थई जशे, होऊन जाईल म्हणाला आणि मग डिस्क ठेवून जा म्हणाला. मी परत घेऊन आलो.

तू उगाच घाबरू नकोस. आप्पांचं वय झालं होतं. डॉक्टरबाईंना हृदयाचंच सांग.

चंद्रकांत

धुळे, ६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आप्पा अठ्ठावन्न वर्षांचे होते. आज तू त्यांच्यापेक्षा मोठा आहेस. हे कसलं वय झालं होतं?

डॉक्टरबाईंना पुन्हा भेटले. त्या म्हणाल्या, की काही घराण्यांत विशिष्ट वायूची भूल चालत नाही. अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप भराभर चढतो आणि माणूस हाती लागत नाही. एरवी आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. तसं असेल तर वेगळी भूल द्यावी लागते आणि एक औषध बाहेरगावाहून मागवून हाताशी ठेवावं लागतं. ते धुळ्यात मिळत नाही, त्याला तीन दिवस लागतात. नुसत्या माझ्या आठवणीवर ते मागवायला हॉस्पिटल तयार नाही.

हर्षदा हसून म्हणते, आई तू सिनेमा करतेस. पण काल ती आंघोळीला गेली तर मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होते.

डिस्क दुकानात का नाही ठेवलीस? आशिषला का नाही विचारत? तुझा मुलगाच याच कामात आहे ना? वहिनींना फोन केला तर त्यांना माझ्या पत्राबद्दल काहीच माहीत नाही. तू घरातही बोलला नाहीस. मला आता कॉम्प्युटरपेक्षा तुझी भीती वाटायला लागली आहे.

उत्तराची वाट पाहते.
नूतन

सुरत, ७ नोव्हेंबर २०२५

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी महत्त्वाचं. कागद सापडला, सोबत जोडला आहे. पुढचं वाचू नकोस, आधी तो डॉक्टरबाईंकडे पोचव. मग वाच.

ती फाईल हरवली नव्हती. सहा वर्षांपूर्वी मीच पुसली. आशिषला विचारलं नाही, कारण जो उघडून देईल तो वाचेल. दुकानातही म्हणूनच ठेवली नाही.

आप्पांना ऑपरेशन नको होतं. पट्टा बांधून चालवतो म्हणत होते. आग्रह माझा आणि सहीही माझी. भरती करताना तिथल्या डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला, घरात कुणाला भुलेचा त्रास? मला बँकेत परतायची घाई होती. मी नाही म्हणालो. सुकलालकाका पायाच्या ऑपरेशनमध्ये टेबलावर गेले होते हे मला ठाऊक होतं, नूतन. त्या क्षणी आठवलं नाही, की आठवूनही म्हटलं, कुठे ती जुनी गोष्ट, ते मला आजही सांगता येत नाही. नंतर डॉक्टरांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं आणि रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना कळवा म्हणून बजावलं. मी बाहेर येऊन तुम्हाला हृदय सांगितलं. एकदा सांगितल्यावर बदलता आलं नाही.

तुझं पत्र आल्यापासून दर वेळी डिस्क जोडली की मी लगेच काढून घेत होतो. ती भरत आली आहे आणि भरली की सगळ्यात जुन्या तारखा आपोआप पुसल्या जातात, हे मला ठाऊक होतं. मी वायर लावावी, नवा बॅकअप सुरू व्हावा आणि नेमकी तीच तारीख जावी, एवढंच डोळ्यापुढे येत होतं. आणि खरं सांगतो, मनात कुठेतरी जावी असंही येत होतं. त्या विचाराची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

काल संध्याकाळी तुझं दुसरं पत्र तुझ्या रजनीवहिनीने वाचलं. आशिषला फोन लावून माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली. मी त्याला सगळं सांगितलं. मग तो एकेक पायरी सांगत गेला. आधी आपोआप होणारा बॅकअप बंद करायला लावला. डिस्क जुन्या कॉम्प्युटरच्या नावावर आहे, म्हणून नवा तिला आपली मानत नाही आणि तारखा करड्या दिसतात. कीबोर्डवरची ऑप्शनची कळ दाबून धरून पडद्यावर वरच्या घड्याळाच्या चित्रावर दाबलं, की दुसऱ्या डिस्कवरचे बॅकअप बघण्याची ओळ येते. ती आली. शिडी एकदम लांब झाली. २०१९ च्या मार्चमध्ये फाईल होती.

मी ती उघडली नाही. रजनीने उघडली आणि मोठ्याने वाचली.

यापुढे तुला मला दादा म्हणावंसं वाटलं नाही तर तसं लिही.

चंद्रकांत

धुळे, १४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हर्षदा बरी आहे. आज सकाळी मऊ भात खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

कागद पाहून डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी औषध मागवलं. ते अकराला दुपारी पोचलं. वायू वापरला नाही, सगळी भूल शिरेतून दिली. दर पाच मिनिटांनी ताप मोजत होते. मी बाहेर दोन तास बसले होते. दार उघडलं की माझे हात पुढे व्हायचे, तिच्या कपाळाला लावायला. बाहेर आणली तेव्हा कपाळ गार होतं. गार लागलं म्हणूनही घाबरले. नर्स म्हणाली, आत एसी असतो मावशी.

तुझं पत्र मी ऑपरेशनच्या आधी अर्धंच वाचलं होतं. चार दिवस तुझे फोन उचलले नाहीत, ते मुद्दाम. तेवीस वर्षं माझी पोरगी हे सोबत घेऊन फिरत होती आणि तुला माहीत होतं. ते मला अजून गिळता येत नाही. काकांच्या दोन्ही मुलांना तू स्वतः पत्र लिही, कागद जोड. मी लिहिणार नाही. आशिषनेही तपासणी करून घ्यावी.

काल उरलेलं पत्र वाचलं. एक गोष्ट तू लिहिली नाहीस, बहुधा तुला आठवत नाही. भरतीच्या टेबलापाशी तू एकटा नव्हतास. हर्षदाला कडेवर घेऊन मी तुझ्या मागे उभी होते. डॉक्टरांनी विचारलेलं मीही ऐकलं. सुकलालकाकांचं मलाही माहीत होतं. मला वाटलं, दादा बोलतोय, त्याला कळतं. मी हर्षदाची टोपी नीट करत राहिले.

राग गेलेला नाही. लोभ आहे, तुझाही असू दे. रविवारी गाडीने ये, वहिनींना घेऊन.

तुझी,
नूतन