दोन गावं, एक नाटक

बाबा, वडशाच्या तुमच्याच ऑफिसात बसून लिहितेय. बाहेर नाटक कंपन्यांचे बोर्ड तसेच दाटीवाटीनं लागलेत. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी गावच्या मंडळांना तुम्ही नाटक ठरवून देत होता, तुमच्या मागे मीही तेच करते. फक्त आता मंडळं माझ्या ॲपवर कंपनी निवडतात, तारीख धरतात. नागपुरात याला स्टार्टअप म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, "दलालीच आहे ना बाई, चहा तेवढा गेला." तुम्ही मंडळाला कोणतं नाटक पाहिजे, हे कधीच आधी विचारलं नाही. कपबशी पुढे सरकवायचात आणि म्हणायचात, "मंडईले कोन कोन पाव्हणे येऊन राह्यले?" लेकी-जावई जास्त असले की घरसंसाराचं, रडवणारं नाटक, पोरंसोरं जास्त असली की हसवणारं. मी तोच प्रश्न ॲपमध्ये सगळ्यात वर टाकलाय, आणि आजवर माझा धंदा त्याच्यावरच चालला.

पण यंदा घोळ झाला. एका गावची माणसं जुन्या पद्धतीनं ऑफिसात आली, टेबलावर नारळ ठेवला, मी शब्द दिला. ती तारीख ॲपवर बंद करायची मात्र राहून गेली. संध्याकाळी दुसऱ्या गावानं मोबाइलवरून तीच कंपनी, तीच रात्र घेऊन टाकली. मंडई तोंडावर आली तेव्हा कंपनीचे मॅनेजर भाऊ धावत आले, "ताई, कंपनी एक अन् गावं दोन!" मी दुसऱ्या कंपन्यांना फोनवर फोन केले. मंडईची नेमकी ती रात्र कुणाची रिकामी असणार? आणि या भागात एका गावाला फसवलं की ती बातमी हेमलकशापर्यंत जाते. मग कशाचं ॲप आणि कशाचं काय!

नारळवाल्यांना शब्द आधी दिला होता, म्हणून शेवटी मी मोबाइलवाल्या गावाला नाही म्हणायचा मेसेज लिहायला घेतला, छान, मुलायम भाषेत. आणि तुम्ही आठवलात. मी कॉलेजात असताना एका कंपनीची हिरोईन आजारी पडली, आणि मी मंडळाला फोनवरच सांगून मोकळी झाले की दुसरी पाठवतो, तीही चांगली आहे. तुम्ही जे भडकलात! "अशी बातमी फोनवर सांगते काय? तोंड दाखवा लागते!" मला स्कूटरवर बसवून थेट त्या गावात नेलंत. माणसं अंगावर येताहेत, मी तुमच्या मागे लपतेय, आणि तुम्ही गप उभे आहात. सगळे दमल्यावर तुम्ही म्हणालात, "चूक आमची आहे." दुसऱ्या हिरोईनचं नाव त्याच्यानंतर काढलंत. परतताना म्हणालात, "आधी चूक सांगजो, मंग उपाय. उलटं केलं का लोकाईले वाटते, हे अजूनबी नाटक इकूनच राह्यली."

मेसेज पुसला आणि काल गेले. मंडळाच्या अध्यक्ष बाई अंगणात धान पाखडत होत्या. मी सांगितलं, चूक माझी आहे. त्यांचं सूप थांबलं. "काऊन वं? आमी मोबाइलवर घेतलं म्हनून आमचं नाटक खोटं काय?" पोरं जमली, कुणी गाडीची चावी काढून घेतली. खरं सांगते, मला तिथेच रडू येत होतं. मग मी म्हटलं, कंपनी दुसऱ्या दिवशी मोकळी आहे, नाटक एक दिवस पुढे घ्या. बाईंनी सूप पुन्हा उचललं. "जावई एक रात जास्त राहतीन. कोंबडे आमचे कटतीन, तुले काय!" कुणीतरी हसलं, तेव्हा चावी परत मिळाली. पण अट घातलीच त्यांनी. पडदा उघडायच्या आधी स्टेजवर उभं राहून, गावासमोर आणि पाहुण्यांसमोर, नाटक का पुढे गेलं हे मी माझ्या तोंडानं सांगायचं. मी हो म्हणाले.

ते नाटक उद्या आहे. नागपुरात पैसेवाल्यांसमोर माइक धरून मी खुशाल बोलते, आणि या गावासमोर बोलायचं पहिलं वाक्यच सकाळपासून लिहून खोडतेय. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आणि तुम्हाला तरी कुठे पाठवणार आहे! बाबा, मघाशी मी मॅनेजर भाऊंना फोन केला. उद्या स्टेजवर माझ्याऐवजी ते बोलतील का, असं विचारलं. ते लगेच हो म्हणाले. मी त्यांना अजून नको म्हटलेलं नाही.